मागाशेजारी उघडे राहणारे पुस्तक

प्रश्न : मी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, यंत्रमागांना जोडायच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात काम करते. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. परंतु ‘तुझे मराठी आणि इंग्रजी दोन्ही बरे आहे’ एवढ्या कारणावरून गेली दोन वर्षे माहितीपुस्तिका आणि संकेतस्थळावरील मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काम आवडू लागले आहे, पण ते मला कोणी शिकवलेले नाही. तांत्रिक लेखकांनी वाचावीत अशा पन्नास-पन्नास पुस्तकांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. त्यांतील लेखनशैलीवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी विकत घेतले आणि चाळीस पानांनंतर ठेवून दिले. आमच्या पुस्तिका वापरणारे बहुतेक कामगार घरी तेलुगू बोलतात; मराठी वाचतात, पण सावकाश. संकेतस्थळावरची मराठी पाने छापील पत्रकांची चित्रे म्हणून चढवलेली आहेत. तक्रारीचे फोन सतत येतात आणि विचारलेल्या गोष्टीचे उत्तर बहुधा पुस्तिकेत असतेच. मी नेमकी कोणती पुस्तके वाचावीत?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले नाव न छापण्याची विनंती मान्य केली आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य प्रश्नाच्या अगदी आधी येऊन गेले आहे आणि ते आपण जाता जाता लिहिले आहे, असे वाटते. विचारलेल्या गोष्टीचे उत्तर पुस्तिकेत असते आणि तरीही फोन येतो, याचा अर्थ आपली वाक्ये वाईट आहेत असा होत नाही. वाचणाऱ्याला ते उत्तर सापडत नाही, एवढाच होतो. लेखनशैलीवरचे पुस्तक आपण चाळीस पानांनंतर ठेवून दिलेत, यात आळसाचा भाग नाही. ज्या दुखण्यावर ते औषध आहे, ते दुखणे आपल्याला झालेलेच नाही. म्हणून पन्नास पुस्तकांची यादी बाजूला ठेवावी आणि कारखान्यात फोन घेणारी व्यक्ती जी वही ठेवत असेल ती मागून घ्यावी. वही नसेल, तर आजपासून सुरू करावी. कोणते पुस्तक आधी वाचायचे, हे त्या वहीतल्या तक्रारींवरून ठरवणे उत्तम.

न सापडण्याच्या तक्रारीवर मला माहीत असलेले सर्वांत भरवशाचे पुस्तक म्हणजे ‘डेव्हलपिंग क्वालिटी टेक्निकल इन्फर्मेशन’. आयबीएम या संगणक कंपनीतील लेखक आणि संपादकांनी मिळून ते लिहिले. पहिली आवृत्ती १९९८ सालची, आणि आपण घ्यायची ती २०१४ सालची तिसरी. चांगल्या तांत्रिक मजकुराचे नऊ गुण मानून या पुस्तकाने त्यांचे तीन गट केले आहेत. मजकूर वापरायला सोपा असावा, म्हणजे तो वाचणाऱ्याच्या कामाभोवती रचलेला, अचूक आणि पुरेसा असावा. तो समजायला सोपा असावा, म्हणजे स्पष्ट, उदाहरणांनी मूर्त झालेला आणि योग्य शैलीतला असावा. आणि तो सापडायला सोपा असावा, म्हणजे त्याची मांडणी, शोधण्याच्या खुणा आणि पानाचे दृश्यरूप नीट असावे. हा तिसरा गट आपण आधी वाचावा. पुस्तक जाड आहे, परंतु ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्यासाठी केलेलेच नाही; जागोजागी मूळ मजकूर आणि त्याचा सुधारलेला मजकूर शेजारी शेजारी दिलेले आहेत, आणि नुसत्या त्या जोड्या पाहत गेलो तरी हात सुधारतो.

त्या प्रकरणांचा उपयोग आपल्या पुस्तिकेवर असा होईल. नियंत्रण पेटीच्या पडद्यावर ‘ई-०७’ असे काहीतरी उमटते आणि माग थांबतो. मागावरच्या माणसाच्या हाती त्या क्षणी तेवढेच अक्षर असते. धागा तुटल्याची जाण देणाऱ्या यंत्रणेचे तत्त्व काय, हे त्याला माहीत नसते आणि त्या घटकेला ते जाणून घेण्याची इच्छाही नसते. आता आपली पुस्तिका उघडून पाहावी. मला वाटते, ‘ई-०७’चा अर्थ ‘धागासंवेदक यंत्रणा’ अशा नावाच्या प्रकरणात, तत्त्वाच्या आणि आकृतीच्या नंतर आला असेल, कारण अभियंत्याला गोष्ट त्याच क्रमाने सांगावीशी वाटते. पडद्यावर उमटणाऱ्या सर्व खुणांचा एकच तक्ता करून तो पुस्तिकेच्या पहिल्या उघडणाऱ्या पानावर छापला, आणि त्याचीच एक प्रत पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली, तर फोनच्या वहीत काय फरक पडतो ते महिनाभर पाहावे.

याच विचाराचे मूळ ज्यांना खणायचे असेल त्यांच्यासाठी जॉन कॅरोल यांचे १९९० सालचे ‘द न्यूरेंबर्ग फनेल’ आहे. न्यूरेंबर्गचे नरसाळे ही जर्मन लोकांतली जुनी थट्टा आहे : डोक्यात नरसाळे खुपसून ज्ञान ओतले की माणूस आपोआप शहाणा होतो. कॅरोल तेव्हा आयबीएमच्या संशोधन विभागात होते. नवी यंत्रे शिकणाऱ्या माणसांचे निरीक्षण करून त्यांनी दाखवले की शिकणारा पुस्तिका आधी वाचून मग हात लावत नाही. तो आधी हात लावतो, चुकतो, आणि अडल्यावर पुस्तिका उघडतो. तेव्हा पुस्तिका छोटी असावी, लगेच कामाला लावणारी असावी आणि चूक झाल्यावर तीतून बाहेर कसे पडायचे हे तिने सांगावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुस्तक विद्वत्तापूर्ण आणि काहीसे कोरडे आहे. आज ते घेण्याची घाई नको.

दुसरे पुस्तक स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’. पहिली आवृत्ती २००० सालची, आणि सध्या घ्यावी ती २०१४ सालची तिसरी. लांबच्या विमानप्रवासात वाचून संपावे एवढेच ते मुद्दाम ठेवले आहे, असे लेखकाने म्हटले आहे. आपल्याला विमानाची गरज नाही, सोलापूरहून सकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पोहोचेपर्यंत त्याचा मोठा भाग वाचून होईल. विषय संकेतस्थळांचा आहे, परंतु मी ते पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही सुचवते. पानावरचे निम्मे शब्द काढावेत आणि मग उरलेल्यांतले निम्मे काढावेत, असा एक अतिरेकी वाटणारा नियम त्यात आहे. ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे. गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ या धाटणीची स्वागतपर वाक्ये आपल्या मालकांना प्रिय असतील, तर त्यांना हा भाग वाचून दाखवावा. तरीही ती वाक्ये काढू दिली नाहीत, तर ती पानाच्या तळाशी न्यावीत; भांडण्यासारखा हा मुद्दा नव्हे.

क्रुग यांच्याकडून घेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे चाचणी. २०१० साली त्यांनी याच विषयावर ‘रॉकेट सर्जरी मेड ईझी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. महिन्यातून एक सकाळ काढावी, तीन माणसे बोलवावीत, प्रत्येकाला एक काम द्यावे आणि ती काय करतात ते गप्प बसून पाहावे, असा त्याचा गाभा आहे. प्रयोगशाळा, मोठा नमुना, आकडेमोड यांतले काहीही लागत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवण्याआधी एका वायरमनने शिकवले. अनेक वर्षांपूर्वी मी पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरची पुस्तिका लिहिली होती. तिच्या चौथ्या पायरीत झाकणाचे स्क्रू काढायला सांगितले होते आणि पाचव्या पायरीची सुरुवात ‘तत्पूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करावी’ अशी होती. मजकूर तिघांनी तपासला होता आणि शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती. छपाईच्या आदल्या दिवशी कोणाच्या तरी मनात आले म्हणून एका वायरमनला बोलावून पुस्तिका हातात दिली. तो एक पायरी वाचायचा, ती करायचा, मग पुढची वाचायचा. चौथी पायरी वाचून त्याने झाकण काढले आणि आत बोट घातले. त्या वेळी भारनियमन चालू होते, एवढ्यावरच निभावले. आम्हा तिघांनाही तो क्रम खटकला नव्हता, कारण आम्ही पान वाचत होतो आणि तो पंप जोडत होता. आपल्यालाही तीन माणसे शोधायला सोलापुरातल्या विणकरांच्या पूर्व भागाच्या बाहेर जावे लागणार नाही. त्यांपैकी एक तरी मराठी सावकाश वाचणारा असावा, आणि ‘समजले का?’ असे त्याला विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला भिडेने ‘हो’ असेच उत्तर मिळते. ‘आता हे करून दाखवा’ असे म्हणावे.

संकेतस्थळासाठी तिसरे पुस्तक घ्यावे ते जेनिस रेडिश यांचे ‘लेटिंग गो ऑफ द वर्ड्‌स’, २०१२ सालची दुसरी आवृत्ती. रेडिश या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ आहेत. संकेतस्थळावर येणारा प्रत्येक जण मनात एक प्रश्न घेऊन येतो आणि चांगले पान म्हणजे त्या माणसाशी झालेला संवाद, हे त्यांचे सूत्र आहे. तेव्हा ‘आमची उत्पादने’ आणि ‘आमची परंपरा’ या शीर्षकांपेक्षा ‘जुन्या मागाला ही पेटी बसते का?’ हे शीर्षक अधिक कामाचे ठरते. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक वेबपानावरून नुसती नजर फिरवत होते आणि अवघे १६ टक्के लोक शब्दन्‌शब्द वाचत होते. पाहणी जुनी आहे आणि तेव्हा समोर संगणकाचे पडदे होते, हे खरे. पण हातातल्या फोनने वाचनाची घाई कमी केली असेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

येथेच आपल्या चित्ररूपी पानांविषयी स्पष्ट सांगते. त्या पानांना पुस्तकाची नव्हे, नव्या टंकलेखनाची गरज आहे. चित्रातला मजकूर शोधयंत्रांच्या हाती धडपणे लागत नाही, फोनवर मोठा केला की फुटतो, अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांपुढे मुका राहतो आणि त्याची नक्कल करून कोणाला पाठवताही येत नाही. युनिकोड या संगणकावरील सर्वमान्य अक्षरप्रणालीमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चढवता येत नाही म्हणून त्याचे चित्र करायचे, ही पळवाट आता सोडावी. माहितीच्या रचनेवरचे रोझेनफेल्ड आणि मॉर्व्हिल यांचे प्रसिद्ध पुस्तक आपल्याला कोणी ना कोणी सुचवीलच. दहा-पंधरा पानांच्या संकेतस्थळाला ते फार मोठे पडते.

आता जी गोष्ट कोणतेही इंग्रजी पुस्तक सांगणार नाही, तिच्याकडे वळते. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्याविषयी विचार करायला शिकवतात, परंतु वाक्य घडवायचे ते मराठीतच घडवावे लागते. कधी हे आपल्या पथ्यावर पडते. अट आधी आणि कृती नंतर लिहा, असे इंग्रजी लेखकांना मुद्दाम बजावावे लागते. मराठीत ‘लाल दिवा लागल्यास मुख्य कळ बंद करा’ हाच सहज क्रम आहे. पण नकार देताना हीच रचना घात करते. ‘माग चालू असताना, आतील दिवा विझलेला दिसला तरी, पेटीचे झाकण उघडू नका’ या वाक्यात मनाई अगदी शेवटच्या शब्दात येते. सावकाश वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे उघडलेले झाकण उभे राहिलेले असते. तेलुगू आणि कानडीतही क्रियापद आणि नकार शेवटीच येत असल्यामुळे भाषांतर करून ही अडचण सुटत नाही. म्हणून धोक्याच्या सूचनेत ‘हे करू नका’ असा ठळक मथळा आधी द्यावा किंवा वाक्यच सरळ करावे : ‘आधी माग बंद करा. मगच झाकण उघडा.’

दुसरी मराठी अडचण ‘करण्यात यावे’ या कार्यालयीन वळणाची आहे. ‘जोडणी तपासण्यात यावी’ या वाक्यात ती कोणी तपासायची, मागावरच्या कामगाराने की वायरमनने, हे कुठेच नाही. आणि विजेच्या कामात ही संदिग्धता परवडत नाही. इंग्रजांच्या कार्यालयांनाही हाच रोग जडला होता. त्यावर उपाय म्हणून त्यांच्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून १९४८ साली ‘प्लेन वर्ड्‌स’ ही पुस्तिका लिहवून घेतली, आणि तिचाच विस्तार १९५४ साली ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ या नावाने आला. मला ते पुस्तक फार आवडते, त्यातला विनोदही आवडतो. परंतु त्यातली उदाहरणे इंग्रजी वाक्यांची आहेत, म्हणून ते रविवारी वाचायचे पुस्तक समजावे.

टेबलावर कायम राहतील अशी दोन मराठी पुस्तके सांगते. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ कदाचित आपल्या घरात शाळेपासून असेल, आणि नसल्यास स्पर्धा परीक्षांची पुस्तके विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळेल. दुसरे अरुण फडके यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’; नावाप्रमाणेच ते छोटे आहे आणि शब्दाचे रूप अडले की उघडायचे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण अठरा आहेत, १४ नियम १९६२ सालचे आणि ४ नियम १९७२ सालचे. त्यांची प्रत भिंतीवर लावली तरी चालेल. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर शोधता येतात आणि तेही पाहावेत, पण त्यांचा मान राखून एक गोष्ट सांगते : कोशातला शब्द आणि मागावरचा शब्द वेगळे निघाले, तर पुस्तिकेत मागावरचा शब्द घ्यावा. कारखान्यात ज्याला सगळे ‘सेन्सर’ म्हणतात त्याला पुस्तिकेत ‘संवेदक’ म्हटल्याने मराठी समृद्ध होत नाही, फोन मात्र एक वाढतो. एकदा शब्द ठरला की तो बदलू नये. शाळेतल्या निबंधात एकच शब्द पुन्हा आला की गुण कापले जात. त्या धाकाने आपण एका पानावर ‘कळ’, दुसऱ्यावर ‘बटण’ आणि तिसऱ्यावर ‘स्विच’ लिहितो, आणि वाचणारा पेटीवर तीन वस्तू शोधत बसतो. अशा शब्दांची दोन-तीन पानांची यादी आपण स्वतः करावी. तीत मराठी शब्दाशेजारी कामगारांच्या तोंडचा तेलुगू शब्दही लिहून ठेवला, तर पुढे तेलुगू पुस्तिका करण्याची वेळ येईल तेव्हा तीच यादी हाताशी येईल.

एक पुस्तक मात्र आपल्याला या यादीत अपेक्षित नसेल. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि मी त्याला मराठीतले आद्य शैलीपत्रक, म्हणजे कसे लिहावे याचे नियमपत्रक, मानते. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ग्रंथातले पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटपर्यंत चालावे, जणू सगळे एकाच लेखणीने लिहिले आहे. आणि पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे कडांनी कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तेलकट बोटांनी उलटल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तिकेचा कोपरा आठवावा, आणि मग कडेला जागा सोडण्याविषयीची ती सूचना किती व्यवहारी आहे ते पाहावे. वाचायला दहा मिनिटे लागतात.

तीनही इंग्रजी पुस्तके एकदम घेऊ नयेत. क्रुग विकत घ्यावे. आयबीएमचे जाड पुस्तक आधी शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारून पाहावे, आणि ते तेथे नसेल, तर त्याचा खर्च कारखान्याकडे मागावा. रेडिश संकेतस्थळाचे काम प्रत्यक्ष हाती घ्याल तेव्हा घ्यावे. सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या दस्तऐवजांवर २०२१ साली आलेले ‘डॉक्स फॉर डेव्हलपर्स’ चांगले आहे, पण आपला वाचक तो नव्हे.

राहिले ते ठेवून दिलेले जाड पुस्तक. आपण नाव लिहिलेले नाही, परंतु ते ‘मायक्रोसॉफ्ट मॅन्युअल ऑफ स्टाइल’ असेल, तर त्याची छापील चौथी आवृत्ती २०१२ सालची आहे आणि २०१८ पासून त्या कंपनीची शैलीमार्गदर्शिका इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. गूगलची विकसकांसाठीची मार्गदर्शिकाही २०१७ पासून तशीच खुली आहे. हे सारे ग्रंथ शब्दकोशासारखे आहेत, अडेल तेव्हा एक नोंद पाहण्यासाठी. इंग्रजी पानांची मुद्रिते तपासताना ते कपाटातून काढावे, आणि उरलेली पाने वाचली नाहीत याची खंत करू नये.